पुसून देणारे शेलार नाना

शेलार नानांनी मला फसवलं. मी राहात्यात जुन्या कॉम्प्युटरांचा व्यापार करतो, आणि नाना माझ्याकडे बारा वर्षं कामाला आहेत. एका शाळेच्या कॅमेऱ्याची हार्ड डिस्क नष्ट केली असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं, तसा सहीचा दाखला दिला, आणि ती डिस्क गुपचूप घरी नेली. त्या डिस्कवर शाळेच्या गेटातून येणारी-जाणारी लहान पोरं होती. सगळं पुसून देईन असा शब्द मी शाळेला लिहून दिला होता. ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर तालुक्यातल्या एकाही शाळेनं मला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

मी पेरूच्या हातगाडीवरून वर आलेला माणूस आहे. मनमाड रस्त्यावर थांबलेल्या एसट्यांच्या खिडक्यांत पेरूच्या पिशव्या कोंबत मी भाव करायला शिकलो. पुढे पेरू सुटले, भंगार आलं, भंगारातून कॉम्प्युटर आले. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही असं मी सांगतो, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक सांगतात. दोन्ही खरं आहे. मला व्यापाऱ्यांनी फसवलंय, भागीदारानं फसवलंय, सख्ख्या मेहुण्यानं फसवलंय. पण नाना फसवतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

नाना पुणतांब्याचे. पूर्वी राहात्यात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. निम्म्या तालुक्याच्या बोटांना त्यांनी वळण लावलं. कॉम्प्युटर आले तसे क्लासवरचे पत्रे आणि आतली मशिनं गंजली. नानांनी एक मराठी टाइपरायटर तेवढा ठेवून घेतला आणि तो घेऊनच ते माझ्या दुकानात आले.

"काय काम कराल नाना?" मी विचारलं.

"तुमी जुनी मशिनं विकता. त्याच्या आत लोकांचं काय काय राहिल्यालं आसतं, त्याचं काय करता?"

"डिलीट मारतो."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पेरूला रंग लावून विकतो.

"डिलीट म्हंजी दारावरची पाटी काढली, शेठ. मानूस घरातच बसल्याला हाय. कुनीबी दार ढकललं की 'या' म्हनंल."

"मग फॉरमॅट मारतो."

"मंग गल्लीची पाटी काढली."

तेव्हापासून पुसायचं काम नानांचं. डिस्कवरचा मजकूर खरा पुसायचा तर त्याच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहावं लागतं, कोपरान् कोपरा भरेपर्यंत. नाना याला 'हात देणं' म्हणतात, भिंतीला चुन्याचा हात देतात तसं. पहिला हात सगळीकडे शून्यांचा, दुसरा एकांचा, तिसरा येईल त्या आकड्यांचा. मी कुठूनतरी ऐकून आलो होतो की हल्ली एक हात पुरतो. नाना म्हणाले, "पुरतो. पन भिंत बोलायची थांबली का न्हाई ते तुमी कान लावून बघनार का?" नव्या पद्धतीच्या, आत काहीच न फिरणाऱ्या ज्या डिस्का येतात त्यांना मात्र ते हात देत नाहीत. "ही चंचल जात हाय. आपुन इथं लिवावं, ती तिसरीकडंच ठिवती. तिला तिच्याच भाषेत सांगावं लागतं." मग ते त्या डिस्कला तिच्याच आतला पुसायचा हुकूम देतात. जी डिस्क चालतच नाही तिला ते ड्रिलनं चार भोकं पाडतात, आणि पाडताना मान वळवून घेतात.

आणि एवढं सगळं झाल्यावर, कॉम्प्युटरांनी भरलेल्या दुकानात बसून, ते दाखला टाइपरायटरवर टाइप करतात. कार्बन घालून. 'सदर तबकडीवरील समग्र मजकूर कायमस्वरूपी पुसण्यात आला असून त्याचा कोणताही अंश शिल्लक नाही.' खाली सही, बारीक आणि सरळ. मी दहा वेळा सांगितलं, नाना, प्रिंटर आहे, एका मिनिटात छापून निघेल.

"पुसल्याचा दाखला कॉम्प्युटरवर करायचा? म्हंजी पुन्यांदा कुटंतरी राहिलंच की ते!"



त्यांचा दुसरा नाद म्हणजे फोन. पुसायला बसण्याआधी ते डिस्कच्या मूळ मालकाला फोन लावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "काय राहिलंय का आत?" कोल्हारच्या एका डॉक्टरांना त्यांनी ऑपरेशन चालू असताना फोन केला. डॉक्टर चिडले. चौथ्या दिवशी तेच डॉक्टर गाडी घेऊन दुकानात हजर. पोरीचा पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ राहिला होता. नानांनी डिस्क बाजूलाच ठेवली होती. "मला वाटलंच," ते म्हणाले. "आवाजात गडबड हुती तुमच्या." डॉक्टरांना व्हिडिओ काढून दिला तोही त्यांनी स्वतः न बघता. डॉक्टरांनाच खुर्चीवर बसवलं आणि आपण बाहेर पायरीवर जाऊन बसले.

कारण त्यांचा सगळ्यात कडक नियम हा की आत बघायचं नाही. "न्हाव्यानं डोक्यावरनं हात फिरवावा. डोक्यात काय चाल्लंय ते इचारू नये." बारा वर्षांत हजारभर डिस्का त्यांच्या हाताखालून गेल्या. तालुक्याची निम्मी गुपितं माझ्या दुकानात येऊन मेली, पण नानांना त्यातलं एक माहीत नाही.

नियमानं बघायचं नाही, पण कल्पना करायला कुणाची ना नव्हती. पडद्यावर टक्केवारीची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत असते, आणि नाना तिच्यासमोर हाताची घडी घालून बसलेले. दुपारची वेळ, बाहेर हातगाड्यांवरच्या पिकल्या पेरूंचा वास, आत पंख्यांची आणि फिरत्या तबकड्यांची एकसुरी घरघर. पाट सुटल्यावर पाणी एकेका वाफ्यात शिरताना बघावं, तसे ते त्या पट्टीकडे बघायचे. मध्येच बोलायचे, कुणाशी कुणास ठाऊक. "आता निकालपत्रकं गेली आसतील. आता कुनाचा तरी अर्ज. हितं एखाद्या मास्तरनं कविता लिवली आसंल, बायकूला न दाखवल्याली. गेली." मी गल्ल्यावर बसून ऐकायचो. कधीकधी ऐकता ऐकता मलाही गुंगी यायची आणि वाटायचं, माझंही काही त्या पट्टीखालून हळूहळू निघून चाललंय: हातगाडी, उन्हातली वर्षं, मेहुणा.

"पुसलेलं जातं कुठं हो नाना?" एकदा मी विचारलं.

"कुटं जातंय? कुटंच न्हाई जात. जागा मोकळी हुती फकस्त."

आता हा माणूस कामाचा आहे की झोप आणणारा, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायचो, ओरडून. एकदा श्रीरामपूरचा गिऱ्हाईक वीस मशिनं घ्यायला टेम्पो घेऊन आला. घासाघीस करून त्याला मी घामाघूम केला होता, सौदा तुटता तुटता जुळला होता. एकोणीस मशिनं टेम्पोत चढली. विसावं नानांच्या पुढ्यात.

"नाना, काढा ती डिस्क."

"ब्याण्णव झालंय, शेठ."

"काढा म्हणतो ना! गिऱ्हाईक उभं आहे!"

"आरडू नका. ब्याण्णव टक्क्यावरनं उटवलं तर ना हिकडचं ना तिकडचं."

गिऱ्हाईक म्हणाला, "ऑपरेशन चाललंय का काय वो आत?" आणि एकोणीस मशिनं घेऊन निघून गेला. त्या दिवशी मी नानांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना ऐकत होते, पण डोळे पट्टीवर. शंभर झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, आता बोला." तोवर माझं बोलून संपलं होतं.

माझ्या अशा ओरडण्यावर इलाज एकच होता. मंदामावशी. नानांची बायको. राहात्यातल्या एका शाळेत त्या शिपाई होत्या. गेट उघडायचं, घंटा द्यायची, रडणाऱ्या पोरांची नाकं पुसायची. नाना रोज सकाळी पावणेसातला लुनावरून त्यांना शाळेच्या गेटाशी उतरवायचे आणि तसेच दुकानात येऊन डिस्का लावायचे. दुपारी शाळा सुटली की मावशी दुकानात यायच्या, आणि मी ओरडत असलो तर पदर खोचून मध्ये उभ्या राहायच्या. "शेठ, तुमचं बीपी किती हाय? आन् आवं तुमी, शेठ बोलत्यात तर तोंडाकडं तरी बगा त्यांच्या!" दोघांनाही एकाच दमात. नवऱ्याशी याहून गोड बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. नानाही त्यांच्याशी बोलायचे ते 'व्हय' आणि 'न्हाई'. पस्तीस वर्षांचा संसार असाच दोन शब्दांवर चाललेला.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी दवाखाना, सातव्या दिवशी संपलं. नाना तेराव्यानंतर कामावर आले आणि पहिल्यासारखे बसले. फक्त पट्टीशी बोलणं बंद झालं. फोटोला हार घालायचा म्हटलं तर घरात धड फोटो नव्हता. मावशी फोटो काढूच द्यायच्या नाहीत. लग्नातल्या एका फोटोत मान इतकी खाली घातलेली की नुसत्या मुंडावळ्या दिसतात. दुसरा आधार कार्डावरचा, आणि त्या फोटोत कुणाचाच चेहरा ज्याचा त्याला ओळखू येत नाही.

आता फसवणुकीकडे येतो.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशींच्याच शाळेनं स्टोअररूम रिकामी केली. एकवीस कॉम्प्युटर आणि गेटावरच्या कॅमेऱ्याचा बंद पडलेला रेकॉर्डर. तो लॉट मिळवायला मी मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये तीन तास बसलो होतो. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मुलांचं चित्रण आहे त्यात. एक सेकंद जरी शिल्लक राहिला तर मी तुम्हाला जबाबदार धरीन." मी तिथेच लिहून दिलं.

आठवड्यानं नानांनी बावीस दाखले माझ्यासमोर ठेवले. एकवीस डिस्का पुसल्याचे. बाविसावा असा: 'सदर तबकडी नादुरुस्त आढळल्याने भोके पाडून निकामी करण्यात आली.' मी वाचला, फाइलला लावला, आणि जेवायला निघालो. दुकानाच्या पायरीवर मला आठवलं की आपलं ड्रिल मशीन दहा दिवसांपासून वाइंडिंगवाल्याकडे जळून पडलंय.

मी परत आत गेलो. "नाना, भोकं कशानं पाडली?"

नाना टाइपरायटरवर कापड घालत होते. "पाडली," म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले. बारा वर्षांत पहिल्यांदा वेळेच्या आधी. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. फोन बंद.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली आणि पुणतांब्याला गेलो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो, एकापेक्षा एक जहाल. गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीत नानांचं घर आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि आत गेलो.

खिडक्या लावलेल्या. टीव्हीला तो शाळेचा रेकॉर्डर जोडलेला. नाना जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर कसलंतरी फिकट निळं फडकं. टीव्हीवर आवाज नसलेलं चित्र चाललं होतं: शाळेचं गेट, पहाटेसारखा करडा उजेड, रस्त्यावर एक कुत्रं आळस देतंय.

"नाना! चोर निघालात तुम्ही!" मी जुळवलेल्या वाक्यांतलं हे सगळ्यात मऊ होतं.

"बसा, शेठ. आत्ता यील ती."

मी बसणार नव्हतो. पण टीव्हीवर डाव्या बाजूनं लुना आली, आणि लुनावर नाना होते, आणि मागे मंदामावशी. मी बसलो.

मावशी उतरल्या. पिशवी घेतली. नाना लुना वळवून निघाले, पडद्याबाहेर गेले. मावशींनी कुलूप काढलं, गेट ढकललं. आता आत जातील असं वाटलं. गेल्या नाहीत. गेटाच्या गजावर एक हात ठेवून त्या नाना गेले त्या बाजूला बघत उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. पदर वाऱ्यानं हलत होता तेवढाच. मग रस्त्याच्या टोकाशी लुना वळली असावी, कारण त्यांनी मान हलवली, जशी एखादं काम उरकल्यावर हलवतात, आणि झाडू घ्यायला आत गेल्या.

नानांनी दुसरा दिवस लावला. लुना आली. मावशी उतरल्या. नाना गेले. मावशी उभ्या.

तिसरा दिवस. तसंच. पावसाळी दिवस होता, डोक्यावर पिशवी धरून उभ्या होत्या.

"बावीस दिस हायेत," नाना म्हणाले. "बावीसबी दिस अशीच उबी हाय."

बाहेरून रेल्वेचा आवाज आला आणि विरला.

"रेकॉर्डर ह्या फडक्यात गुंडाळल्याला हुता, शेठ. तिच्याच लुगड्याचं हाय. धूळ बसू नये म्हनून तिनंच ठिवला आसंल गुंडाळून. मंग मला ऱ्हावलं न्हाई. आडाप्टर तेवढा जळला हुता, बदलला. म्हनलं एकडाव तोंड बघावं आन् पुसून टाकावं." त्यांनी फडक्याची घडी मोडली, परत घातली. "मला म्हाईतच नव्हतं ओ. मी कदी मागं वळूनच बघितलं न्हाई. डिस्का लावायची घाई आसायची ना."

नाना उठले. "नेम मोडला मी. खोटा दाखला दिला. लेकरं हायेत लोकांची त्याच्यात. चला दुकानात, तुमच्या म्होरं पुसतो."

"थांबा," मी म्हणालो. "पोरं किती वाजता येतात?"

"सात वाजून पाच मिंटांनी पहिलं."

मी तसाच शाळेत गेलो. सुट्टी होती, पण बाई केबिनमध्ये होत्या. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. असा घाम कुठल्या सौद्यात आला नाही. खरं सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही मला लिहून दिलंत!" मी म्हणालो, दिलं, आणि पाळणार. पावणेसात ते सात तेवढं काढून घेऊ द्या, त्यात एक पोर नाही. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हणालो, दहा मिनिटं. नाही. पाच. नाही. मी म्हणालो, बाई, मंदामावशी उतरतात तिथपासून झाडू घ्यायला जातात तिथपर्यंत, दोन मिनिटं रोजची, तुम्ही स्वतः बसून बघा, एक जरी पोरगं दिसलं तर तिथंच पुसा, आणि माझं तोंड पुन्हा बघू नका.

बाईंनी चष्मा काढला. त्या दोन मिनिटांत काय आहे ते मी सांगितलं. त्या खिडकीबाहेर, गेटाकडे, बघत राहिल्या.

"मावशी उभ्या राहतात ते ना?" त्या म्हणाल्या. "ते तर रोजचंच होतं. आम्ही सगळे चिडवायचो त्यांना. समोरचा चहावाला तर म्हणायचा, मावशी, गेली हो लुना, आता चहा घ्या. लाजायच्या, पण उभ्या राहायच्याच."

बाईंनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात येऊन बसल्या आणि बावीस दिवसांतली दोन-दोन मिनिटं पेन ड्राइव्हवर उतरली. मग नानांनी डिस्क लावली. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. संध्याकाळ झाली. नाना समोरून हलले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. पट्टी शंभरावर गेल्यावर त्यांनी खरा दाखला टाइप केला, खोटा माझ्या देखत फाडला आणि पेन ड्राइव्ह त्या निळ्या फडक्यात बांधून लुनाला किक मारली.

त्यांना रागवायचं माझं राहूनच गेलं. राग मात्र गेलेला नाही, आणि तो आता दुसरीकडे वळलाय. मावशींना चिडवायला त्या गेटावर सगळे होते. मुख्याध्यापिका होत्या, शिक्षक होते, रिक्षावाले होते. चहावाल्यानं तर वर्षानुवर्षं रोज बघितलं, आणि त्याच चहावाल्याकडे नाना दर बाजाराच्या दिवशी कटिंग पितात. मावशी जिवंत होत्या तोवर यातल्या एकाच्या तोंडून एवढं निघू नये, की नाना, उद्या जरा मागे वळून बघा? मला विचारू नका. पावणेसातला मी घरी अंथरुणात असतो. पण बाकीच्यांना मी विचारत फिरतोय. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, त्यांना म्हाईत आसंल." हे उत्तर मी घेणार नाही. दुसरं द्या.